ऑफ सीझन

दिवाळी झाली की माझ्याकडे कुणी येत नाही.
होळीपासून मृगापर्यंत फोन थांबत नाही,
पंप जळाला, फॅन अडकला, वाळ्याच्या ताट्या बदलून द्या,
भाऊ, आजच या, लेकरू झोपत नाही.
मग नोव्हेंबर. मानेवाड्याचं दुकान अर्ध्या शटरवर
आणि दारात एक तीन फुटी कूलर,
ज्याचा मालक बदली होऊन गेला
तो न्यायला आलाच नाही.

त्यात पिल्लं ठेवायची, हे तृप्तीनं ठरवलं.
बुधवारी बाजारातून बुटाच्या खोक्यात आणली,
दहाच्या भावात अकरा.
वनमाला म्हणाली, "अकरावं फुकट देते
म्हणजे त्याले माहीत असते काहीतरी."
नावं मेट्रोच्या स्टेशनांची:
रहाटे कॉलनी, उज्ज्वलनगर, छत्रपती चौक,
सगळ्यात बारकं ते झिरो माईल.
अकराव्याचं स्टेशन अजून ठरायचं होतं.

मी कूलर खोलला.
टाकीच्या तळाचा पाच उन्हाळ्यांचा खार खरवडला,
वर चार बोटं धानाचा कोंडा,
लांजेवारांच्या साडभावानं तुमसरहून पाठवलेला.
दोन जाळ्यांना गोणपाट शिवलं,
उत्तरेची बाजू पत्र्यानं बंद.
आयुष्यभर वारा आत कसा घ्यायचा तेवढंच पाहिलं,
आता गुडघ्यावर बसून भोकं मोजत होतो,
कुठून शिरते.

बल्ब मिळेना.
इतवारीत तीन दुकानं फिरलो.
"पिवळा? साठचा? एलईडी घ्या ना भाऊ,
गरमच होत नाही."
मला गरम होणाराच पाहिजे होता.
चौथ्या दुकानात म्हाताऱ्यानं शिडी लावली,
माळ्यावरून दोन काढले, फुंकले,
कानाशी हलवून पाहिले
आणि मग म्हणाला, "पिल्लं आणली नं?"

पिल्लांचं बोलणं दोन दिवसांत कळलं.
बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी.
कोपऱ्यात पांगून चोची उघडल्या तर बल्ब वर ओढा.
आणि पंख सैल, मान कोंड्यात टाकून
मेल्यासारखी पसरली तर सगळं ठीक.
पहिल्यांदा ते पाहून मी तृप्तीला हाक मारली होती,
आवाज नीट फुटला नव्हता.

तिसऱ्या रात्री पारा आठवर.
दोन वाजता लाईन गेली.
जाग आली ती त्यांच्या आवाजानं,
चिवचिव नाही, एकच टोकदार सूर, पुन्हा पुन्हा.
वनमालानं सहा शालीत घेतली,
चार माझ्या स्वेटरच्या आत, छातीवर नखं रुतवून.
तृप्ती अंधारात गॅसवर पाणी तापवून
बाटल्यांत भरत होती, बाटल्यांना माझे मोजे चढवत होती.
अकरावं हातात राहिलं.
रिकामं पाकीट उचलताच
आत काही नाही हे कळतं ना, तसं हलकं.

सकाळी लिंबाखाली खड्डा केला.
तृप्ती म्हणाली, नाव तर देऊ.
वनमाला म्हणाली, "राहू दे.
ते स्टेशन चालूच झालं नाही."
कुणी हसलं नाही.

त्यानंतर मी फॅनचं वरचं भोकही बुजवायला घेतलं.
तिनं हातातला पत्रा काढून घेतला.
"तेवढं असू द्या. कोंड्याची वाफ कुठून जाईन?"
असू दिलं. रात्री त्यातून उजेडाचा एक गोळा
आमच्या छताला लागायचा,
मी झोपेत उघड्या डोळ्यानं तो आहे का बघायचो.

संक्रांतीनंतर पिसं भरली.
बल्ब आता कुणाला नको.
परवा मालकाचा फोन आला, अकोल्याहून.
"माझा कूलर आहे नं तुमच्याकडे? चालू आहे?"
मी वाकून पाहिलं.
झिरो माईल मोटरच्या दांडीवर बसायला बघत होतं,
बसत होतं, पडत होतं.
"चालू आहे," म्हटलं, "पण गरम करते."
तो म्हणाला, मग राहू द्या.