(हशा)

निवडणूक आली की पेपरात आमदारांचं प्रगतिपुस्तक छापतात.
वत्सला जांभूळकर, पुणे :
उपस्थिती बरी, प्रश्न एकशे बारा,
संमत विधेयके शून्य.
शेरा : भाषणे एकसुरी.

सतरा वर्षं सभागृहात मी लघुलेखन केलं.
दर दहा मिनिटांनी माणूस बदलायचा,
आणि बाई नेमक्या माझ्याच पाळीत उभ्या राहायच्या,
चष्मा कपाळावर,
हातात घोरपडीच्या कुठल्याशा साइटवरून आणलेली सुतळी.
'अध्यक्ष महोदय, ही दीड वर्षाच्या मुलीच्या पायाला होती.
दुसरं टोक सळईला.
आई वर, सातव्या स्लॅबवर.'

सुतळी पटलावर ठेवायला परवानगी मिळाली नाही.
उत्तरं माझ्या हाताला पाठ झाली होती,
बोलणाऱ्याच्या आधी पेन्सिल पोचायची :
माहिती घेण्यात येत आहे.
अंशतः खरे आहे.
प्रश्न उद्भवत नाही.

सेविकेचं मानधन त्या दिवसांनी भागायच्या,
मग तासांनी, मग मुलांनी,
शेवटी अर्ध्या कटिंगएवढं काही उरायचं
तोवर घंटा.

एकदा त्यांनी विचारलं,
'सन्माननीय सदस्यांची मुलं आत्ता, या क्षणाला,
कुणाच्या मांडीवर आहेत?'
मी कंस उघडला. हशा लिहिलं. कंस मिटला.
माझ्या वहीत हशाला एक बारीक आकडी असायची,
गळासारखी.

त्या दुपारी माझी रेवती
हडपसरला, किल्ली गळ्यात, अंगात ताप,
खळदकरकाकूंच्या पायरीवर बसून होती.
ते मला शनिवारी कळलं.

विधेयक त्यांनी मागे घेतलं,
'मंत्री महोदयांच्या विनंतीला मान देऊन.'
वाक्य संपताना आवाज चिरकला होता.
चिरकण्याला चिन्ह नाही.

आज मुंढव्यातलं पाळणाघर बंद.
दारावर चिठ्ठी : ताईंचा मुलगा आजारी आहे.
ताईंकडे ठेवायला कुणी नाही
हे चिठ्ठीत नाही, वॉचमननं सांगितलं.

नात आत्ता झोपलीय.
डावा पाय केव्हाचा बधिर.
पेपर त्या पानावरच उघडा आहे,
पंख्यानं फडफडतो,
हात पोचत नाही.
रेवतीला यायला साडेसात होतील.