गुरुवारचे आकडे

गुरुवारी सकाळी नऊला मी फोन घेऊन बसते.
एकतीस माणसं, प्रत्येकाकडून एक आकडा.
दोन आणि तीनच्या मधला हवा.
खाली गेला तर रक्त पंपात गाठी धरतं,
वर गेला तर दात घासतानाही थांबत नाही.

ओराझगाली यादीत अकरावा.
कारागांडाच्याही पलीकडे, रेल्वेच्या अशा थांब्यावर राहतो
जिथे आता गाडी थांबत नाही.
अडतीस वर्षं त्यानं रुळांचे सांधे बदलले.
आता पोटातून निघालेली वायर
कमरेच्या पट्ट्यावरच्या डबीत जाते,
दोन बॅटऱ्या काखेत, कोटाच्या आत,
कारण उणे तीसमध्ये बॅटरीलाही हुडहुडी भरते.
रात्री भिंतीतल्या प्लगला बांधलेला झोपतो.
"खुंटीला घोडा," म्हणतो.

त्याची नाडी लागत नाही.
पहिल्यांदा मनगट धरलं तेव्हा माझी बोटं
सवयीनं शोधत राहिली, मग ओशाळली.
पंप ठोके देत नाही, नुसता वाहता ठेवतो.
छातीला कान लावला
तर लांब कुठेतरी गिरणी चालू असावी तशी घरघर.
काळजाचा ठोका चुकला, असं आपण सहज म्हणून जातो.
त्यानं काय म्हणावं?

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी फोन बातिमानं उचलला.
"एक पॉइंट चार."
मी पेन खाली ठेवलं.
पुन्हा टोचा म्हटलं, दुसरं बोट.
त्याची कातडी राठ, सुईला आढेवेढे घ्यायला लावते.
थेंब पट्टीवर चढेपर्यंत
मला त्यांची किटली ऐकू येत होती.
एक पॉइंट चार.

गोळी चुकली? नाही.
दुसरं काही औषध? नाही.
पंपाचे वॅट? कालच्याएवढेच.
लघवी चहासारखी होतेय का?
"कुठल्या चहासारखी?" बातिमा म्हणाली,
"आम्ही दूध घालतो."

मग कुणीच बोललं नाही.
मागून त्याचा आवाज आला: "सांगून टाक तिला. झुआ."

झुआ म्हणजे रानकांद्याची पात.
बर्फ गेल्या गेल्या माळावर उगवते,
तीन आठवड्यांत उन्हानं दोरखंड होते.
सहा महिने मांस, मैदा आणि बटाट्यावर काढलेल्या जिभेला
तिचा वाससुद्धा पुरतो.
नातवानं पोतं भरून आणली.
पाच दिवस त्यानं मुठीमुठीनं खाल्ली, मिठाशी,
आणि त्या हिरव्यानं माझ्या गोळ्यांवर पाणी फिरवलं.

मी ओरडले.
गाठ मेंदूत जाते, म्हटलं.
पंप बदलायचा म्हणजे छाती पुन्हा उघडायची, म्हटलं.
डॉक्टरांना विचारून इंजेक्शनं सांगितली, गोळी वाढवली.
तो ऐकत होता. मग म्हणाला,
"पोरी, एक पात तोंडात घातली
तर त्याची वर्दी अस्तानाला पोचते?"

खाऊ नका असं नाही, मी म्हटलं.
रोज खा. सात पाती. मोजून.
पाहुणे आले म्हणून आठ नकोत,
कंटाळा आला म्हणून सहा नकोत.
गोळी त्या साताशी जुळवून घेईल.

"वसंत मोजून खायचा," तो म्हणाला.
विचारत नव्हता.

शनिवारी एक पॉइंट आठ.
गुरुवारी दोन पॉइंट चार, आणि बातिमानं न विचारता सांगितलं,
बहिणीकडे राहायला गेले होते एक रात्र,
तिथल्या शांततेत डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी बसचा ड्रायव्हर वॉर्डात आला,
हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी.
मुळांना ओली माती. तिखट वास थेट लिफ्टपर्यंत.
एक तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं.
उरलेल्या मोजल्या, सवयच ती: बासष्ट.
म्हणजे त्रेसष्ट.
म्हणजे नऊ दिवस, सातप्रमाणे.

अरे देवा.
नऊ दिवस यानं खाल्लीच नाही तर आकडा वर चढेल!
तोंडात अर्धी पात तशीच,
मी फोनकडे धावले.