काय बदललं?

साखर पेठेत, सोसायटीच्या माडीवर,
बिलबुकांच्या कपाटात मी सर्व्हर ठेवलाय.
खालच्या कप्प्यात अजून ती पुठ्ठ्याची कार्डं,
भोकाभोकांची, सुतळीत ओवलेली;
वरच्या कप्प्यात तेच मोर, तीच कमळं, फायलींमध्ये.
गांधीनगर, विडी घरकुल, अक्कलकोट रोड,
पत्र्यापत्र्यावर डिश,
तारेवाचून जोडलेले एकोणीस कारखाने.

आधी नुसता गोंधळ होता.
कमळ फायनल. कमळ फायनल खरं.
कमळ हेच घ्या.
कमळ अंबादास हात लावू नये.
इलियासनं एकदा भलतंच उचललं
आणि सहा डझन चादरींवर
मोर शेपटीकडून चालत गेले.
मालक हसला नाही. मीही, त्याच्यासमोर, नाही.

म्हणून नियम केला.
नाव एकच. जुनं पुसायचं नाही, नवं त्याच्यावर चढवायचं,
आणि चढवताना एक चौकट भरायची:
काय बदललं?
रिकामी सोडली तर फाईल जाणार नाही.

पहिले पंधरा दिवस माणसं त्या चौकटीपुढे
परीक्षेला बसल्यासारखी.
'बॉर्डर.'
'बॉर्डर परत.'
'बघा.'
'मॅडम म्हणाल्या म्हणून.'
मल्लिनाथ: 'पाकळी बारीक केली. व्यापारी वेडा आहे.'
राजमणी गज्जम, रात्री पावणेदोनला:
'लाईट आत्ता आली. मोराचा डोळा थोडा उघडला.'
तिचंच, चार दिवसांनी:
'नातीचं बारसं. नक्षी तीच, रंग तिला आवडेल असा.'

एप्रिलात, त्रेचाळीस अंशांत,
फाईल सत्त्याण्णव टक्क्यांवर येऊन बसते.
पलीकडून फोन, 'एमैंदम्मा, गेली का?'
'जातेय काका.'
आणि मी पंख्याचं तोंड
माझ्याकडून सर्व्हरकडे वळवते.

यादगिरी कुरापाटींचे चार माग.
दोन ऑगस्टात गेले, दोन दिवाळीच्या आधी.
भंगारवाल्यानं किलोवर नेले,
बिडाचा भाव वेगळा, लाकडाचा वेगळा,
काट्यावर ते स्वतः उभे होते म्हणे.
आठवड्यानं त्यांच्या नावानं फाईल आली.
कमळ. त्यांचंच. एकाहत्तराव्यांदा.
चौकटीत लिहिलेलं:
'काही नाही. फक्त उघडून बघितली.'

सर्व्हर शिस्तीचा.
दोन्ही कमळं त्यानं ठिपक्याला ठिपका लावून पाहिली
आणि कळवलं, बदल नाही, नोंद नाही.
मीच शिकवलं होतं त्याला तसं,
जागा वाचावी म्हणून.

माडीवर कुणी नव्हतं.
खालून खळीचा आंबूस वास.
मी फाईल उघडली.
चोवीसशे उभे, अठराशे आडवे,
आणि डाव्या कोपऱ्यात, शिवणीच्या जरा वर,
जिथे कुणी बघत नाही,
एक पांढरा ठिपका काळा केला.
एकच धागा, एका बाण्यापुरता वर.
मग चढवली. त्यांच्या नावानं, त्यांच्याच शब्दांत.
या वेळी त्यानं घेतली, आकडा दिला, वेळ टाकली.

चौकटीचा नियम माझा.
पहिली खोटी नोंदही माझीच.

जानेवारीत, गड्ड्यावर,
पाळण्यांच्या कर्कश आवाजात एका ठेल्यावरच्या बाईनं
फटकन घडी उलगडली. कमळ.
कुठल्या कारखान्यानं कधी उतरवून घेतलं कोण जाणे,
जो तो वरचीच फाईल उचलतो.
मी कोपरा चाचपत गेले. नखाला लागला.
'डाग नाही हो तो,' ती म्हणाली, 'विणीतच आहे.
दुसरी काढू?'

मी पर्स उघडली.
म्हटलं, किती झाले?