एळु

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, टायरच्या दुकानावर
त्यांचा दवाखाना.
जिन्याचा कठडा उजवीकडं,
म्हणून मी भिंतीला धरून चढतो.
पाटी दोन लिप्यांत. मला एकच वाचता येते.

एक्सरेत खांद्याच्या आत पांढरा ठिपका.
डॉक्टर म्हणाले, चुना साचलाय, मुतगेकर.
मी हसलो. जन्मात पान खाल्लं नाही,
चुना गेला कुठनं आत?

एकोणतीस वर्षं उद्यमबागेत
निवलेल्या कास्टिंगचे नको असलेले कान पाडतोय,
आठ पौंडी हातोड्यानं, नगावर पैसे.
घाव सगळाच लोखंडात जात नाही.
थोडा परत येतो,
दांड्यातनं, मनगटातनं, वर.
गेलेल्याचा हिशेब मालकाकडं होता.
परत येणाऱ्याचा कुणी ठेवलाच नाही.

आता म्हणे त्याच जागेवर हादरे द्यायचे,
पाच आठवडे, दर खेपेला दोन हजार.
भारता भाकरी थापता थापता म्हणाली,
"ठोकून बिघडलेलं
ठोकूनच नीट करूलालेत काय?"
मला उत्तर आलं नाही. भाकरी मात्र चांगली फुगली.

मशीन जेवणाच्या डब्याएवढं.
पोरगी बैलहोंगलची, शिवलीला.
गार चिकट जेली लावली, दट्ट्या टेकवला
आणि टक टक टक टक.
आमच्या शेडमधला आवाज कुणीतरी
बारीक करून, धुऊन, पांढऱ्या खोलीत आणून ठेवल्यासारखा.
पहिल्या शंभरात डोळ्यांत पाणी.
"मामा, दहापैकी किती दुखतंय?"
सात, म्हणालो.
ती वहीकडं वळली, लिहिता लिहिता पुटपुटली,
"एळु."

मी उठलो.
अंगात शर्ट नाही, खांद्यावरनं जेली ओघळूलाली,
पायात चप्पल घालून दारापर्यंत गेलो.
"अय्यो, मामा! आकडा तो! झोपा!"

कन्नडात सात आणि ऊठ, एकच शब्द.
इतकी वर्षं बाजारात कोथिंबीर घेतली त्या भाषेत,
बसमध्ये भांडलो,
आणि हे आत्ता कळलं,
उघड्या अंगानं.

तिसऱ्या खेपेला तिला सांगितलं,
कास्टिंगवर बोटभर हातोडी मारली
की धड असेल ते वाजतं, लांबवर.
आत तडा असेल तर नुसतं धप्प.
तुला कळतंय काय आवाजावरनं, माझं आत काय आहे ते?
ती म्हणाली, "आवाज नाही ऐकत मी.
तुमचा चेहरा बघते."
एकोणतीस वर्षांत कास्टिंगचा चेहरा
मी एकदाही बघितला नव्हता.

त्या रात्री खांदा ठणकला,
पण निराळा. जुनं दुखणं बसून असायचं,
हे हिंडत होतं.

पाचव्या खेपेला तिनं विचारायच्या आत
मीच म्हणालो, "मूरु."
तिनं लिहून घेतलं, तीनच, हसून.
हात कानापर्यंत जातो आता.
त्याच्या वर जाईल का, डॉक्टर सांगत नाहीत,
हातोड्याचं विचारलं तर खिडकीकडं बघतात.

शर्ट खुंटीवर होता. खुंटी उंच.
उजव्या हातानं काढला,
काढल्यावर लक्षात आलं उजव्या हातानं काढला.
खिशात फोन वाजत होता,
शेडमधनं शिनोळकर असणार,
नवीन पोरगं कान वाकडे पाडूलालंय म्हणून.
वाजू दिला.

माझ्या जागी कडोलीची एक बाई येऊन बसली,
टाचेला फडकं गुंडाळलेलं.
"किती दुखतंय, दहापैकी?"
"सात असंल बघ, बाई."
शिवलीला वहीकडं वळली.
"एळु."
बाई दोन्ही हात टेकून उठायला लागली,
टाच जमिनीला लागली तशी कळ तोंडावर आली.

"बसा, बसा," मी दारातनं म्हणालो,
"आकडा तो."