चौथं अक्षर

मखमलाबाद रोडला, साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात
दर महिन्याच्या सहा तारखेला
मी शंभरातला एकेक रुपया बाजूला काढते.
प्लास्टरवाल्यांचा, शटरिंगवाल्यांचा,
टाइल्स बसवणाऱ्या त्या दोघा भावांचा.
सातला चलन भरायचं असतं.
दराडेसाहेब सहालाच विचारतात,
"आठला नाही का चालणार?
सिमेंटवाला पायरीवर बसून आहे."
मी म्हणते, साहेब, हा पैसा आपला नाही,
आपल्या खात्यात नुसता मुक्कामाला आलाय.

मोतीराम भोये, पेठकडचा, प्लास्टरवाला.
पहिल्या बिलानंतर पासबुक घेऊन आला.
"मोजमाप सत्तर हजाराचं झालं मॅडम,
जमा एकोणसत्तर हजार तीनशे.
सातशे कोणी खाल्ले?"
कोणी नाही खाल्ले, म्हटलं,
तुमच्या नावानं सरकारात जमा होतात.
तो हसला. "सरकारात माझं नाव हाय?"

मी फाइलमधली त्याच्या पॅनची झेरॉक्स काढली.
हे बघा, चौथं अक्षर. पी.
कंपनी असती तर इथे सी आलं असतं.
पी म्हणजे माणूस.
तो जरा वेळ बघत राहिला.
"हे लिहून ठेवावं लागतं का?"

पावसाळा सरता सरता नोटीस आली.
भोये मोतीराम: पॅन अवैध.
अवैधाला एक टक्का नाही, वीस.
चार लाख बारा हजारांवर
कमी कापलेले अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे ऐंशी,
वर व्याज.
साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"त्याचं रिटेन्शन धरा. उरलेलं पुढच्या बिलातून कापा.
कार्ड खोटं देतो म्हणजे काय!"

मी पेन्सिलीनं हिशेब मांडलासुद्धा.
वीस हजार सहाशे रिटेन्शन, बाकी तीन बिलांत.
बाहेर दुसऱ्या मजल्यावरून
त्याच्या थापीचा आवाज येत होता,
भिंतीवर माल फेकायचा आणि ओढायचा,
फेकायचा आणि ओढायचा.

मग ती झेरॉक्स पुन्हा उलगडली.
खिशातून आलेली, घामानं मऊ, चार घड्यांची.
एक घडी नेमकी तिसऱ्या अक्षरावरून गेलेली,
एमचा एक पाय तिनं गिळलेला.
मी एन टाइप केला होता.
तीन महिने, दर बिलाला, न चुकता एन.

"साहेब, कार्ड खरं आहे. चूक माझी.
कापायचेच तर माझ्या पगारातून कापा."
ते काही बोलले नाहीत.
मिक्सर फिरत होता, खडी खळखळत होती.
मग ड्रॉवर उघडून
त्यांनी डिजिटल सहीचा तो डोंगल
टेबलावर ठेवला.
"लाव. दुरुस्ती भर.
आणि झेरॉक्स सपाट ठेवत जा, बाई."

मोतीरामला यातलं काही ठाऊक नाही.
त्याला बँकेत दाखवायला कागद हवा होता,
स्वतःचा मिक्सर घ्यायचाय म्हणे, जुना, आडगावला बघितलाय.
सोळा अ छापून दिला.
त्यानं विचारलं, "चौथं कोणतं?"
मी दाखवलं.
त्यानं बोट ठेवलं आणि उचललं,
पीवर सिमेंटचा राखाडी ठसा.
दुसरी प्रत देते म्हटलं, तर नको म्हणाला.

जाता जाता त्यानं वही काढली,
शाळेतली, चौकटींची.
अकरा नावं. देवराम, हिरामण, जनी, पुढची मला वाचता आली नाहीत.
प्रत्येकापुढे फुल्या, संध्याकाळी मोजून दिल्याच्या.
"यांचं बी एक टक्का कापू का मी?
म्हंजे यांची बी नावं लागतील."

तुम्हाला कापायची गरज नाही, मी म्हटलं,
तुम्ही त्या मर्यादेत बसत नाही.
उत्तर बरोबर होतं.
कलमासकट पाठ आहे मला.

आज सहा तारीख.
सिमेंटवाला पायरीवर बसलाय.
माझ्या तक्त्यात रकाने पुष्कळ आहेत,
आणि जनी त्यातल्या कुठल्याच रकान्यात मावत नाही.