कारण : चार ओळी

एप्रिल आहे, तरी सुपीरिअर सरोवराच्या काठी
पार्किंगच्या कडेला बर्फ उरलाय,
मीठ खाऊन काळा पडलेला.
पहिल्याच दिवशी माझी गाडी त्यात रुतली.
एका टो-ट्रकवाल्यानं ओढून काढली,
पैसे घेतले नाहीत, शाळेकडे बघितलंही नाही.
माझ्याकडे एक छापील तक्ता आहे
आणि 'कारण' या शब्दापुढे
चार ओळींची जागा.

व्हर्ना कांगस, शाळेच्या स्वयंपाकघरात चोवीस वर्षं :
"बटाटे जास्त मागायचा. थँक्यू म्हणायचा.
मग जानेवारीत कधीतरी थँक्यू थांबलं.
आता एवढ्यासाठी मी पोलिसांना फोन करायचा?"
ती हात पुसत राहिली.
हात कोरडेच होते.

बाप गॅरेजमध्ये उभ्यानंच बोलला.
इथे हरणांच्या मोसमाला शाळेला सुट्टी असते,
बंदुका कपाटात, कपाटाची किल्ली कॉफीच्या डब्यात,
घरात सगळ्यांना ठाऊक.
"लिहा," म्हणाला, "डबा लिहा. माझं नाव लिहा."
त्याला गुन्हेगार व्हायचं होतं,
म्हणजे निदान काहीतरी समजलं असतं.

त्या पोराची वही मी तीनदा वाचली.
राक्षस सापडला असता तर बरं झालं असतं.
सापडली उधारीची खातेवही :
कोण हसलं, कुठल्या तारखेला, जिन्यात की जिममध्ये,
एकही बाकी न सोडलेली.
मरायचं त्यानं शरदातच ठरवलेलं दिसतं.
पुढची पानं, एकट्यानं मरणं
त्याला कसं कमी वाटत गेलं, त्याची.
शेवटी लांबलांबच्या गावांतली नावं,
त्याच्यासारख्याच पोरांची, वळणदार अक्षरात,
एखाद्यानं वंशावळ लिहावी तशी.
घरात जेवायला चार माणसं होती
आणि त्यानं नातेवाईक तिकडे शोधले.

डेन्टनला आदल्या रात्री मेसेज आला होता :
उद्या येऊ नकोस.
त्यानं पोट दुखतंय म्हणून सांगितलं
आणि दिवसभर गोधडीत पडून राहिला.
सोळा वर्षांचा आहे. मला विचारतो,
"तुमच्या तक्त्यात मी कुठल्या रकान्यात?"
मी म्हटलं, पाणी पी.

पाणी इतक्या ठिकाणी मुरत होतं
की कुठल्याच एका भिंतीला ओल दिसली नाही.

अकराव्या दिवशी बसचालक आर्लो नीमी
निघता निघता म्हणाला, तसा अजून एक होता.
बारा वर्षांपूर्वी. यादीसुद्धा केलेली,
ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकात राहून गेली.
ग्रंथपालबाईंनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली,
त्याला समोर बसवलं आणि सरळ विचारलं,
"कधी करणार होतास?"
पोरगं हमसून हमसून रडलं.
त्याच रात्री शेरीफनं बापाच्या बंदुका नेल्या,
बाईंनी पोराला मार्केटच्या दवाखान्यात नेलं,
वर्षभर दर मंगळवारी नेत राहिल्या,
तीन तास जायला, तीन यायला.

"मग?"
"मग काय. काही झालंच नाही."
आर्लोनं टोपी काढली, परत घातली.
"तुमची गाडी काढली ना त्यानं परवा."

मोटेलच्या खोलीत तक्ता पुढ्यात आहे.
जे झालं नाही, त्याची फाईल
कुठल्याही कपाटात नसते.
चार ओळी अजून कोऱ्या.
खाली रस्त्यावर पिवळा दिवा फिरतोय,
कोणीतरी पुन्हा रुतलंय,
आणि तो गुडघ्यावर बसून
हुक कुठे अडकवायचा ते चाचपतोय.