लाइनमन

सोमवार ते शनिवार मी खांबावर असतो,
वीज खात्याचा. रविवारी मैदानात.
दोन्हीकडे नियम एकच: हात घालण्याआधी
तारेत प्रवाह आहे असंच धरून चालायचं.

तिळामळ. तेरा वर्षांखालची मुलं.
मार्चचं ऊन, काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
चुन्याच्या रेषा सकाळीच बघून घेतलेल्या,
एका कोपऱ्यात वाकड्या, गाय आडवी आली होती म्हणे.
रेषेच्या आत बावीस पोरं.
रेषेबाहेर बाप, आया, मामा, एक निवृत्त पोस्टमास्तर,
आणि आपल्या पायांना जे कधी जमलं नाही
ते पोराच्या पायांकडून वसूल करणारे दोन-तीन.

माझ्याबद्दल काय हवं ते बोला.
माझ्या पोटाबद्दल, साडेतीनशे रुपयांच्या मानधनाबद्दल,
"दोळे आसात मू, वेळीपबाब?" – चालतं.
कान कौलांसारखे ठेवायचे, उतरते.
मी हसत नाही; हसलं की कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होतं.
पाठ वळवतो, पण सावकाश.
घाईनं वळवलेली पाठ हेही उत्तरच असतं.

त्या दिवशी उजव्या रेषेवर एल्विरा होती.
सोळा वर्षांची. तिसरीच मॅच. हातातला झेंडा
दुसऱ्याच्या छत्रीसारखा, कुठे टेकवावा ते न कळलेला.
सेकंड हाफ, अकरावं मिनिट.
तिनं झेंडा वर केला, मी शिट्टी मारली,
झालेला गोल गेला.

आणि बोनिफास रेषेवर आला.
माझ्याकडे नाही, तिच्याकडे. पाठीमागून, हातभर अंतरावरून
पोरींनी घरी काय करावं त्याबद्दल काहीतरी,
आणि मग एक शब्द.
झेंड्याचा दांडा थरथरला
तो मी पन्नास मीटरवरून पाहिला.

पुन्हा शिट्टी. घड्याळ बंद.
धावलो नाही. धावत येणारा रेफरी
भांडायला येतोय असं दिसतं.
चालत गेलो, आधी तिच्याकडे.
"बुटाची नाडी सुटलीय तुझी," म्हणालो. सुटली नव्हती.
ती वाकली, तेवढ्यात मी
दोघांच्या मध्ये उभा राहिलो.

मग कोच मिंगेलला बोलावलं.
बापाशी मी बोलत नाही, बाप माझ्या यादीत नाही.
"हे गृहस्थ भिंतीपलीकडे जाईपर्यंत
बॉल माझ्या काखेत राहील."
आवाज मीटरचं रीडिंग सांगताना असतो तेवढाच.

चार मिनिटं.
गोलपोस्टमध्ये बोनिफासचा जॉयसन
ग्लव्हजची वेल्क्रो काढत होता, लावत होता, काढत होता.
अख्ख्या मैदानाला तो एकच आवाज.
मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं, आणि मी बघत होतो.
शेवटी बाप गेला. चिऱ्यांच्या भिंतीवर
त्याची टोपी तेवढी दिसत राहिली, मॅच संपेपर्यंत.
कार्डांना मी खिशात शिवलोही नाही.
फ्री किक होती तिथूनच घेतली.

रात्री रिपोर्ट. रकाना: नेमके उच्चारलेले शब्द.
'असभ्य भाषा' लिहून भागत नाही.
तो शब्द रोमन लिपीत कसा लिहायचा,
ओ की यू, यावर मी बराच वेळ अडलो.
बायकोला विचारणार होतो. नाही विचारलं.

पण त्याआधी, मैदानाबाहेर,
मी स्कूटरला किक मारत असताना, एल्विरा म्हणाली,
"सर, खरंच ऑफसाइड होता?"
हो म्हणता आलं असतं.
"मला माहीत नाही," म्हणालो.
"मी तुझ्या झेंड्याकडे बघत होतो."
ती गप्प. मग,
"गुडघा पुढे होता. बहुतेक."

बहुतेक या शब्दाला रिपोर्टमध्ये रकाना नाही.

ती केप्याच्या बसकडे निघाली, झेंडे काखेत.
थोडं पुढे जाऊन थांबली,
वाकून बुटाची नाडी पाहिली.